झोळ किती ठेवायचा

या मे महिन्यात गावी गेले होते तेव्हा माळ्यावरून आजोबांची आरामखुर्ची खाली काढली. लाकूड एकदम शाबूत निघालं, साग आहे तो, तेलाचा हात फिरवला आणि तासाभरात पुन्हा रंगावर आला. कापड मात्र पार गेलेलं. एका बाजूनं उंदरांनी कुरतडलेलं आणि मधोमध, जिथे पाठ टेकते तिथे, इतकं विरलेलं की उजेडात धरलं तर पलीकडचा माड दिसत होता. म्हटलं नवीन कापड घालून घेऊ, त्यात काय एवढं. पण गावात दोन टेलर आहेत, दोघांनीही बघूनच नको म्हणून सांगितलं, एवढ्या जाड कॅनव्हासला सुई मोडते म्हणे, आणि दोन्ही टोकांना दांडा जाईल एवढी नळी दुमडून शिवायची म्हणजे चार पदरी जाड होतं, ते घरगुती मशीनवर होत नाही. शेवटी एकानं सांगितलं, बाजारात रिक्षाचे हूड शिवणारा आहे त्याच्याकडे न्या, तोच करेल.

तो खरंच एका पत्र्याच्या टपरीत बसून रिक्षाचं हूड शिवत होता. माझं जुनं कापड त्यानं हातात घेतलं, टेप लावायच्या आधी दोन बोटांनी मधला भाग चाचपला आणि विचारलं, "ताई, झोळ किती ठेवायचा?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यानं सांगितलं, आणि मी ते अजून विसरलेले नाही. "कापड ताठ ठेवलं तर माणूस बसतो. जरा ढिलं सोडलं तर टेकतो. वीतभर झोळ सोडला तर झोपतो. तुम्हाला काय पाहिजे?" मला त्या वेळी काही सुचलं नाही. "जुन्यात होता तेवढाच ठेवा," म्हटलं आणि पैसे देऊन बाहेर पडले.

येताना एसटीत तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. बसणं आणि झोपणं यांच्या मधली जी जागा आहे ना, तिच्यासाठी मराठीत किती शब्द आहेत हे मी कधी मोजलंच नव्हतं. रेलणं हे लोडाला नाहीतर खांबाला. ओठंगणं हे उभ्यानंसुद्धा होतं, दाराच्या चौकटीला खांदा लावून. पाठ टेकणं हे कामाच्या मधे, दहा मिनिटं, कान जागे ठेवून. लवंडणं म्हणजे बोलता बोलता बसल्या जागी एका कुशीवर होणं, ठरवून नाही. कलंडणं म्हणजे इतकं दमलेलं असणं की पुढचं आपल्याला कळतच नाही. अंग टाकणं हे बाहेरून उन्हातून आल्यावर. आणि आडवं होणं म्हणजे रीतसर जेवण झाल्यावर, हात पुसून, चष्मा काढून ठेवून. "जरा पडतो" म्हणणारा माणूस झोपणार असतो, "जरा टेकतो" म्हणणाऱ्याला हाक मारली तर चालते, हा फरक आमच्या घरात लहान पोरालाही कळायचा. आता ज्या भाषेत या मधल्या जागेसाठी एवढे शब्द आहेत तिथे त्या जागेसाठी फर्निचर पण असणारच की, आणि ते होतंच. ते गेलं कुठे, हे मला या सुट्टीत सारखं वाटत राहिलं. आजच्या आमच्या फ्लॅटमध्ये रात्रीसाठी बेड आहे, पाहुण्यांसाठी सोफा आहे, दुपारसाठी काहीच नाही.

आजोबांना सगळे अण्णा म्हणायचे. पोस्टातून रिटायर होऊन गावी आले तेव्हापासून ती खुर्ची पडवीत होती. तिची रचना कुणी नीट बघितली नसेल तर एकदा बघाच, फार हुशारीची गोष्ट आहे ती. लाकडाच्या दोन चौकटी एकमेकींत अडकवलेल्या, दोन्ही बाजूंना एकेक बोल्ट, आणि मागे आधाराला तिसरी छोटी चौकट, जी खालच्या दांड्यांवरच्या खाचांमध्ये बसते. खाचा तीन. पुढच्या खाचेत टाकली की पेपर वाचता येतो, मधल्या खाचेत टाकली की बोलता येतं, शेवटच्या खाचेत टाकली की बोलणं बंद. खिळा नाही, स्प्रिंग नाही, फोम नाही, फक्त एक कापड दोन दांड्यांवर टांगलेलं. त्यामुळे होतं काय, की माणसाचं वजन कुठल्या एका ठिकाणी येत नाही, कापड पाठीच्या आकाराला स्वतःच वळतं, मानेपासून मांड्यांपर्यंत सगळीकडे सारखा हात लावल्यासारखं धरतं. पाठीचा कल जसा मागे जातो तसा मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब कमी होतो हे डॉक्टरही सांगतात. अण्णांना चकत्या माहीत नव्हत्या, ते म्हणायचे, "हिच्यात पाठ स्वतःची राहत नाही."

या जातीच्या घडीच्या खुर्चीचं पेटंट इंग्लंडमध्ये जॉन थॉमस मूर नावाच्या माणसानं १८८६ मध्ये घेतलं, आणि मॅकल्सफील्ड गावात त्या बनवायला सुरुवात केली. बोटीच्या डेकवर टाकायची म्हणून तिकडे तिचं नाव डेकचेअर पडलं. घडी केली की चार बोटं जाडीची फळी होते, भिंतीला उभी करून ठेवली की जागा मोकळी. आपल्याकडे तिला आरामखुर्ची हे नाव मिळालं, आणि मला हे नाव जास्त खरं वाटतं. बोटीशी काय देणंघेणं, काम काय करते ते सांगा.

अण्णांची दुपार ठरलेली होती. बाराला जेवण, मग शतपावली, खळ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग अडकित्त्यानं सुपारी, मग खुर्ची. मधली खाच. पेपर पोटावर. आधी पेपर वाचल्याचा आवाज, मग पेपर सरकल्याचा आवाज, मग काहीच नाही. बोटं मात्र खुर्चीच्या हातावर असायची आणि मधून मधून हलायची, म्हणजे आम्हाला कळायचं की पूर्ण झोप लागलेली नाही, आंब्यावर दगड मारायला अजून धोका आहे.

ही जी अर्धवट झोप आहे ना, हिला आयुर्वेदात चक्क वेगळं नाव आहे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात झोपेबद्दल सविस्तर लिहिलंय. रात्रीचं जागरण शरीर कोरडं करतं, दिवसाची झोप स्निग्धता वाढवते, म्हणजे कफ वाढवते, म्हणून उन्हाळा सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपू नका असा एकूण सूर आहे. पण त्याच श्लोकाच्या दुसऱ्या ओळीत एक शब्द येतो, आसीनप्रचलायित. बसल्या बसल्या डुलणं. आणि त्याबद्दल म्हटलंय की ते कोरडंही करत नाही आणि शरीरात अडथळाही निर्माण करत नाही. दोन्ही दोषांतून सुटलेली अशी ही झोप. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका आनंद झाला, कारण अण्णा दुपारभर जे करायचे ते हेच, आणि ती खुर्ची त्यासाठीच बांधल्यासारखी आहे, झोपू देत नाही आणि जागं पण ठेवत नाही.

त्याच अध्यायात दिवसा झोपायला हरकत नाही अशा माणसांची यादी आहे. म्हातारे, मुलं, अशक्त, जखमी, अजीर्ण झालेले, अभ्यास करून थकलेले, ओझं वाहून आणि वाट चालून थकलेले, दम लागणारे, प्रवासानं आणि जागरणानं शिणलेले, आणि यादीच्या शेवटाकडे, राग, शोक आणि भीती यांनी थकलेले. एखाद्याला दुःख झालंय म्हणून त्याला दुपारी झोपू द्यावं हे त्या काळी कुणाच्या तरी मनात आलं आणि त्यानं ते वैद्यकाच्या ग्रंथात घातलं. मला ती ओळ फार जवळची वाटते. यादीत कामानं थकलेलेही आहेत. कर्म, भार, अध्व, हे तीन शब्द एका दमात येतात, काम, ओझं, रस्ता.

आता कामानं थकलेलं आमच्या घरात कोण होतं, तर आजी आणि आई. त्यांची दुपार मी आठवायला लागले तर मला फर्निचरच दिसत नाही. पडवीत खुर्ची अण्णांची. ओटीवर झोपाळा, चार पितळी कड्यांचा, फणसाच्या रुंद फळीचा, पण ओटी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची जागा, तिथे दुपारी बाई आडवी होणार कशी. झोपाळा आजीच्या वाट्याला संध्याकाळी यायचा, दिवा लागल्यावर, आम्हाला दोन्ही बाजूंना घेऊन पाढे आणि रामरक्षा म्हणायला, पायाच्या अंगठ्यानं हलकेच रेटा देत. दुपारी त्या दोघी माजघरात जमिनीवर. आधी शेणानं सारवलेली, नंतर कोबा झाला. सगळ्यांचं आवरून, उष्टं काढून, भांडी विसळून व्हायला दोन वाजायचे, मग जेवणाचाच पाट ओढून घ्यायचा, त्यावर पदराची घडी, त्यावर डोकं, आणि डाव्या कुशीवर. वामकुक्षी शब्दातला वाम म्हणजे डावा आणि कुक्षी म्हणजे कूस. त्यात शहाणपण आहेच, पोटाचा आकारच असा आहे की डाव्या कुशीवर झोपलं की जेवण अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं, आंबट वर येत नाही. आईला हे कुणी सांगितलेलं नव्हतं, तिच्या सासूनं तसं केलं म्हणून ती तसं करायची. जमीन गार असते, कोकणातल्या मे महिन्यात तिच्यासारखं सुख नाही हे मला मान्य आहे, मी पण त्या कोब्यावर झोपलेय. पण मला हेही आठवतं की तीन वाजता म्हैस ओरडली की आई एका हातावर भार देऊन उठायची तेव्हा तिच्या गालावर पाटाच्या कडेचा वळ असायचा.

एकदा मी तिला विचारलं होतं, दिवसा तू कधी गादीवर झोपलीस का गं. ती म्हणाली, "बाळंतपणात." दोन्ही बाळंतपणं माहेरी, तिथे सुंभाची बाज होती, खाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, वर गोधडी. सव्वा महिना एकदा आणि सव्वा महिना दुसऱ्यांदा. "तेव्हा कुणी उठवायचं नाही," एवढंच म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात अडीच महिने, मी मनात हिशोब केला.

बाजेवरून आठवलं. लग्नानंतर पहिल्यांदा यवतमाळकडे नवऱ्याच्या मामांकडे गेलो होतो, एप्रिलमधली गोष्ट, आणि तिकडे बाहेर कडुनिंबाखाली बाज टाकलेली. आमच्याकडे बाज म्हणजे बाळंतिणीची आणि आजाऱ्याची, म्हणून मला बसायलाच कसंतरी वाटलं, पण तिकडे ती सगळ्यांची, पाहुणा आला की आधी बाज ओढायची मग पाणी. शेतातून आलेली मामी पण तिच्यावर तिरकी होऊन पडली, कुणाला काही वाटलं नाही. सुंभाच्या विणीतून खालून हवा येते, गादीवर पाठ घामेजते तशी बाजेवर घामेजत नाही. आणि तिचाही झोळ असतोच, वापरून वापरून मध्ये खड्डा पडतो, मग पायथ्याकडची दोरी एकेक वळसा ओढून पुन्हा ताण द्यायचा, मामा दर पंधरा दिवसांनी एक पाय दांडीला लावून ते करायचे. म्हणजे बाजेत झोळ पडला तर तो काढायचा असतो, आणि आरामखुर्चीत झोळ नसला तर तो घालायचा असतो. खाट हा शब्द तर इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला, त्यांचा कॉट तोच.

अजून एक खुर्ची आहे, ती गोव्यात जुन्या घरांमध्ये बघितली. शिसवी नाहीतर सागवानी, पाठीला आणि बसायला वेताची विणलेली जाळी, आणि हात इतके लांब की पुढे दोन-अडीच फूट बाहेर येतात. इंग्रज तिला प्लँटर्स चेअर म्हणायचे, गोव्यात वोल्तेर म्हणतात. त्या लांब हातांवर पाय टाकून पडायचं, बूट काढायला नोकर यायचा. सुंदर कारागिरी आहे, वेताची जाळी हवेला वाट देते, उष्ण प्रदेशासाठी याहून चांगली पाठ बनवता येणार नाही. पण मी तिच्यात बसून बघितलं आणि एका क्षणात कळलं की ही खुर्ची बनवणाऱ्याच्या डोक्यात साडी नेसलेली बाई कधी आलीच नव्हती. दोन पाय दोन हातांवर फाकवून ठेवायचे, भर बाल्कांवमध्ये, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओट्यावर, कोण ठेवेल.

ठाण्याला आम्ही आलो तेव्हा घरात दिवाण आला. ज्यांचं बालपण ऐंशीच्या-नव्वदच्या दशकात वन रूम किचनमध्ये गेलं त्यांना दिवाण सांगायला नको. प्लायवूडचा बॉक्स, आत रजया आणि लग्नातली न वापरलेली भांडी, वर कापसाची गादी, भिंतीशी दोन लोड, आणि वर हातमागाची चादर जी पाहुणे आले की ताणून सरळ करायची. दिवसा सोफा, रात्री बाबांचा पलंग. या शब्दाचा प्रवास मोठा आहे. फारसीत दिवान म्हणजे आधी हिशोबाची वही, मग ती ठेवायचं दफ्तर, मग दरबाराची जागा, आणि त्या जागेत भिंतीलगत जी गाद्यांची बैठक असायची तिचंही तेच नाव झालं. म्हणून आपल्याकडे संस्थानाचा दिवाण, दिवाणी कोर्ट, वाड्यातला दिवाणखाना आणि आमच्या ठाण्याच्या खोलीतला तो प्लायवूडचा बॉक्स, हे सगळे एकाच घराण्यातले. गादीचं पण तसंच, राजा गादीवर बसतो आणि कापडदुकानदार पण गादीवरच बसतो. पूर्वी सत्ता चालवायची ती रेलून, लोडाला कोपर टेकून. ताठ बसायचं ते समोरच्यानं.

दिवाणाचा एक गुण मला आज कळतो, तो कुणा एकाचा नव्हता. शाळेतून आलं की आधी पोचेल तो त्यावर पडायचा. समोरच्या खोलीतले काका गिरणीत होते, त्यांची रातपाळी असली की त्यांच्या घरी पोरांचा गोंधळ, दुपारी नळाला पाणी यायची वेळ, म्हणून ते उशी बगलेत मारून आमच्याकडे यायचे आणि दिवाणावर भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आई रेडिओ बंद करायची. आम्ही कुजबुजत बोलायचो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला त्यानंतर ते रात्रीचेही घरी असायचे, पण दुपारी यायचं त्यांनी थांबवलं. आई म्हणायची, काम नाही म्हणून दिवसा झोपायची लाज वाटते त्यांना. मी तेव्हा पाच वर्षांची, मला हे नंतर सांगितलेलं आहे, पण भिंतीकडे वळलेली ती पाठ मला खरंच आठवते असं वाटतं.

मुंबईत दुपारी मस्जिद बंदरला जाऊन बघा. हातगाडीवाले गाडी टेकवून तिच्यावरच झोपलेले असतात, गमछा तोंडावर, गाडीचा उतार डोक्याकडे वर राहील असा साधलेला. रिक्षावाले मागच्या सीटवर, पाय बाहेर नाहीतर पुढे हँडलवर. ज्याला फर्निचर नाही तो कामाच्या अवजाराचंच फर्निचर करतो, आणि कोन मात्र अचूक काढतो. दुसरीकडे आपण नवीन बाकडी बसवतो ती मध्ये मध्ये लोखंडी हात घालून, कुणी आडवं होऊ नये म्हणून. आणि मोठाल्या साड्यांच्या दुकानांतून दिवसभर उभ्या असणाऱ्या मुली, त्यांना तर साधं स्टूलही नसतं. केरळात यासाठी बायका भांडल्या, म्हणून २०१८ मध्ये तिथे दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायलाच हवी असा कायद्यात बदल झाला, तमिळनाडूनं २०२१ मध्ये तेच केलं. आडवं होणं लांबची गोष्ट, नुसतं बसण्यासाठी कायदा लागला. हे वाचलं तेव्हा मला सगळ्यात आधी गालावरचा तो पाटाचा वळ आठवला.

बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांत मला कोन म्हणजे काय ते नीट शिकायला मिळालं. हृदय अशक्त झालं होतं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "रात्री किती उशा घेता?" मला वाटलं सहज विचारतायत. पण ते मोजमाप असतं. हृदय नीट ओढत नसलं की सपाट झोपल्यावर पायांकडचं रक्त छातीकडे येतं, फुप्फुसांवर ताण येतो, दम लागतो, म्हणून माणूस नकळत उशा वाढवत जातो. एक, दोन, तीन, आणि मग एक दिवस तो बसूनच झोपतो. चरकाच्या यादीतले दम लागणारे ते हेच. बाबा तीन उशांवर आले तेव्हा आम्ही रिक्लायनर घेतला, चांगला महागाचा, बटण दाबलं की मोटरनं पाठ मागे आणि पाय वर. पहिले दोन महिने त्यांना खरंच बरं वाटलं. मग एका दुपारी ते पाय वर करून पडलेले असताना लाइट गेली. खुर्ची आहे तिथेच थांबली. पाय खाली येईनात, हातात जोर नाही, आणि आई घरात एकटी. वॉचमन आणि शेजारचे काका येईपर्यंत पंचवीस मिनिटं ते तसेच, उलट्या पडलेल्या झुरळासारखं वाटलं असं ते मला रात्री म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले. दुकानात फोन केला तर बॅटरी बॅकअप वेगळा घ्यायचा असतो असं उत्तर मिळालं, विकताना हे कुणी बोललं नव्हतं. बाबा परत त्या खुर्चीत बसले नाहीत. मेडिकल इक्विपमेंटवाल्याकडून लोखंडी बॅकरेस्ट भाड्यानं आणला, तो दिवाणावर ठेवला, त्यावर उशा रचल्या, आणि त्यातच दिवस गेले.

ते म्हणायचे, "गावची अण्णांची खुर्ची आण." मी आणली नाही. माझं कारण बरोबर होतं, आरामखुर्ची खूप खाली असते, कापडात माणूस रुततो, पुढचा दांडा मांड्यांखाली येतो, उठायला गुडघ्यात आणि हातात जोर लागतो, तो त्यांच्यात नव्हता. पण पायांखाली चार इंचाचे लाकडी ठोकळे लावले असते, झोळ कमी करून घेतला असता, तर उंची मिळाली असती. कुठल्याही सुतारानं अर्ध्या तासात केलं असतं. हे मला त्या रिक्षाच्या टपरीतून बाहेर पडताना सुचलं. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

चार दिवसांनी कापड तयार झालं. निळे-पांढरे पट्टे, शिलाई दुहेरी. दांडे घातले, खुर्ची पडवीत उभी केली, अण्णांच्या जागी, आणि आईला म्हटलं बस. ती आधी नकोच म्हणाली, "मामंजींची खुर्ची," म्हणाली, पदर सावरला, मग बसली. आणि मी बघितलं तर ती त्यात दिसेचना. अण्णा पावणेसहा फूट, आई चार फूट दहा इंच. त्यांच्या मापाचा झोळ, त्यात ती तळाशी गेलेली, मान पुढे वाकून हनुवटी छातीला लागलेली, पुढचा दांडा गुडघ्यांच्या वर, पाय अधांतरी. "छान आहे हो," म्हणाली ती. तिला उठवायला मला दोन्ही हात द्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी दांडे काढले, कापड गुंडाळलं आणि सकाळच्या गाडीनं आईलाच घेऊन बाजारात गेले. टपरीवाल्यानं तिला एकदा खालून वर बघितलं, काही न बोलता चॉकनं एक रेघ मारली. जुन्या शिलाईपासून सहा बोटं आत. मग तिला विचारलं, "आजी, पाठ दुखते का?" ती हो म्हणाली तर रेघ पुसली आणि पाच बोटांवर मारली.

त्या दुपारी जेवणं झाली, मी भांडी घासून टाकली. आई खुर्चीत बसली. या वेळी मान वर टेकली, हात हातांवर आले. पाय अजून जरासे वर राहत होते, तर मी माजघरातला पाट आणून पायांखाली सरकवला. ती थोडा वेळ नुसती माडांकडे बघत बसली, मग म्हणाली, "एक खाच मागे घे गं." मी मागची चौकट उचलून शेवटच्या खाचेत टाकली.

"चहा तूच ठेव आज," ती म्हणाली, "आणि मला उठवू नकोस."